गुणाजीचं गाऱ्हाणं

आता कुठल्या तोंडाने सांगू? तोंडाचाच तर घोळ आहे सगळा. चहा ओता, सांगतो. पण हसायचं ते मला हसा, माझ्या भावाला नको.

तुम्हाला ठाऊकच आहे, आमच्या पार्सें गावात देवळात गाऱ्हाणं घालायचा मान माझ्याकडे. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या मुलीचं लग्न अडलं, की मी हात जोडून उभा. ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून त्या माणसाचं दुःख मी देवाला सांगतो, मध्ये थांबून मागे बघतो, आणि सगळे माना डोलवून ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. ज्याचं दुःख, त्याने तोंडही उघडायला नको.

माझा धाकटा भाऊ गुणाजी. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. लहानपणी तीन वर्षं बहिऱ्या मुलांच्या शाळेत होता, तिथे हातांची भाषा शिकला. आईने ती त्याच्याकडून उचलली. आम्ही बाकीचे? ‘जेव’, ‘ये’, ‘नारळ काढ’. एवढ्या तीन खुणांवर आमचं पन्नास वर्षं भागलं. म्हणजे, आमचं भागलं.

गेल्या वर्षी आई गेली. त्यानंतर गुणाजी माडांच्या भाटात नारळ काढायला जाईना. पेज तशीच निवायची. दिवसभर आईच्या बाकड्यावर बसून भिंतीकडे बघायचा. शेवटी त्याला तालुक्याला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे न्यायचं ठरलं. निघताना बायको म्हणाली, “तुमी देवाकय उलोवक दिनात. दोतोराकडे तरी ओगी रावात.”

म्हणजे देवालाही मी बोलू देत नाही, डॉक्टरांकडे तरी गप्प राहा म्हणे. गप्प राहणार, आणि मी?

डॉक्टरीणबाई तरुण, शांत. म्हणाल्या, “यांना विचारा, झोप लागते का?”

विचारायचं कशाला, मला ठाऊक होतं ना! मी खुर्चीवरून उठलो कधी, हात जोडले कधी, मलाच कळलं नाही. झोप नाही, भूक नाही, कामात मन नाही, असं गाऱ्हाणं सुरू झालं. प्रत्येक वाक्याला मी गुणाजीकडे बघायचो आणि तो मान डोलवायचा. डोलवणारच. दादाने हात जोडून बघितलं की मान हलवायची, हे तो जन्मभर देवळात बघत आलाय.

“भीती वाटते?” मान डोलली.

“कानात कुणी बोलतंय असं वाटतं?”

मी कानाकडे बोट दाखवलं. मान डोलली, ती चांगली दोनदा.

बाईंचं पेन थांबलं. “ऐकू न येणाऱ्यांनाही असं वाटू शकतं,” त्या गंभीरपणे म्हणाल्या आणि लिहू लागल्या. तिथे तरी मी थांबायला हवं होतं. पण माझ्या मनात काय, तर गाऱ्हाणं किती बेस जमलं.

गोळ्या सुरू झाल्या. गुणाजी सकाळी झोपे, दुपारी झोपे, ताटावर बसल्या बसल्या झोपे. मी गावभर सांगत सुटलो, “भाऊ एकदम शांत झाला हां.”

महिन्याने पुन्हा गेलो, तर तो डॉक्टरांसमोरच पेंगला. बाईंनी पेन खाली ठेवलं. “मागच्या वेळी मी यांना काहीच विचारलं नाही. सगळं तुम्हाला विचारलं. चूक माझीही आहे,” असं म्हणून त्यांनी मोबाईल गुणाजीसमोर धरला. त्यात एक बाई होत्या, सांकेतिक भाषेच्या दुभाषी. त्यांनी हात हलवले.

गुणाजी ताठ बसला. त्याचे हात आधी अडखळले, मग चालू लागले, मग थांबेचनात. वर्षभर ते हात नुसते मांडीवर पडून होते.

“तुम्ही बाहेर बसा,” डॉक्टर मला म्हणाल्या.

“अहो, पण मी नसलो तर तो बोलणार कसा?”

त्यांनी नुसतं त्याच्या हातांकडे बोट दाखवलं. मी बाहेर जाऊन बाकड्यावर बसलो.

तासाभराने मला आत बोलावलं. गुणाजीच्या परवानगीने सांगतेय, असं म्हणून डॉक्टरीणबाई बोलल्या. कानात कुणी बोलत नव्हतं. ‘तू बहिरा ना रे?’ असं दादा विचारतोय, असं त्याला वाटलं होतं. त्या गोळ्या आता त्या हळूहळू बंद करणार होत्या. आई गेल्यापासून त्याच्याशी बोलणारं घरात कुणी नव्हतं. “आणि आई कशाने गेली, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.”

खरं होतं. मी आभाळाकडे बोट दाखवलं होतं. अख्ख्या गावाचं दुःख देवाला सांगणारा मी, आणि सख्ख्या भावाला एका बोटावर वाटेला लावलं. मला माझीच लाज वाटली.

तिथेच मी सांगितलं. आईचं हृदय कमजोर झालं होतं, झोपेतच गेली, त्रास झाला नाही. दुभाषीबाईंनी ते हातांनी त्याला सांगितलं. गुणाजी खूप रडला. मीही रडलो.

निघताना दुभाषीबाईंकडून एकच वाक्य शिकून घेतलं, ‘कसा आहेस?’ पार्सेंच्या बसची वाट बघताना ते हातांनी गुणाजीला विचारलं. तो बघतच राहिला. मग त्याचे हात सुरू झाले. किती तरी वेळ सांगत होता. त्यातली ‘आई’ची खूण तेवढी मला कळली.

मग मी काय केलं असेल? दर थोड्या वेळाने मान डोलवत होतो. व्हय म्हाराजा.

गुणाजी थांबला. त्याने माझी हनुवटी चिमटीत धरून मान हलायची बंद केली, आणि पहिल्यापासून, सावकाश, पुन्हा सांगायला लागला.