टॅम्पिनीसमधली शेकोटी

नवरा जहाजावर इंजिनिअर. चार महिने समुद्रावर, दोन महिने सिंगापूरमधल्या टॅम्पिनीसच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये. त्यामुळे घरातली मोठी खरेदी मी आणि आमची नऊ वर्षांची मुलगी मिळून करायचो. त्या वर्षी टीव्हीच्या टेबलाचा पाय मोडला आणि आम्ही दोघी फर्निचरच्या दुकानात गेलो.

दुकानदार साठीतले चिनी गृहस्थ होते. त्यांनी आम्हाला एका पांढुरक्या लाकडी स्टँडपुढे नेलं. दोन्ही बाजूंना गोठ्याला शोभतील अशी सरकती दारं आणि मधोमध काचेमागे विजेवर चालणारी शेकोटी.

"फार्महाऊस स्टाइल," ते म्हणाले.

माझं माहेर फलटणजवळ, शेतातल्या घरात. तिथे टीव्ही लोखंडी पेटीवर असायचा आणि पेटीत बियाणं. हे मी त्यांना सांगितलं नाही.

"सिंगापूरमध्ये शेकोटी कोण घेतं?"

त्यांनी विचार केला. "डिसेंबरात दोन गेल्या. ज्वाळा वेगळी, हीटर वेगळा. हीटर लावायलाच हवा असं नाही."

शेजारी शेकोटी नसलेला एक तपकिरी स्टँड होता. मजबूत, भरपूर खणांचा. मी खणात हात घालून खोली बघत होते. मुलगी मात्र काचेपुढे मांडी घालून बसली होती आणि गिऱ्हाइकं तिला वळसा घालून जात होती.

"आई, धिस वन लाह," ती तिच्या शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

"त्याला खण कमी आहेत."

"बट गॉट फायर."

मी नवऱ्याला फोटो पाठवला. जहाज बंदरात होतं, त्यामुळे लगेच फोन आला.

"घरात आग कशाला?"

"खोटी आहे. पोरीला आवडलीय."

"बरं. हीटरला हात लावू नका. मी आल्यावर बघतो."

फोन ठेवल्यावर मला आठवलं, की आदल्या वर्षी त्याच्या इंजिनरूममध्ये आग लागली होती. तेव्हा त्याने फोनवर दोनच वाक्यं सांगितली होती. लागली होती. विझवली. पुढे मी विचारलं नव्हतं आणि त्यानेही काही सांगितलं नव्हतं. पण तोवर मुलगी दुकानदाराला आमचा पत्ता सांगत होती.

तीन आठवड्यांनी तो घरी आला. मुलीला जवळ घेतलं, मग स्टँड भिंतीपासून पुढे ओढला. माहितीपत्रक दोनदा वाचलं. हीटर लावून प्लगवर हात ठेवून दहा मिनिटं उभा राहिला. आम्ही तिघंही घामाने निथळत होतो.

"ठीक आहे," म्हणत त्याने हीटर बंद केला आणि त्याच्या बटणावर चिकटपट्टी लावली. ज्वाळा तशीच चालू ठेवली.

संध्याकाळी एसी लावून तो शेकोटीसमोर बसला. मी चहा दिला.

"बंद करू का?"

"राहू दे." थोड्या वेळाने म्हणाला, "आवाज नाही हिला."

मग त्याने त्या दिवसाचं सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. आगीच्या आवाजात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. वर येऊन माणसं मोजली तर एक कमी. हा पुन्हा धुरात उतरला. तो माणूस दुसऱ्या शिडीने कधीच वर आला होता आणि आता ह्यालाच शोधत होता.

"देन?" मुलीने विचारलं.

"मग भेटलो."

मुलगी समाधानाने तिच्या अभ्यासाकडे वळली. मी त्याच्या हातातला रिकामा कप घेतला, पण स्वयंपाकघरात गेले नाही. तिथेच बसून राहिले.

त्या सुट्टीत तो आणखी दोन-तीनदा त्या दिवसाबद्दल बोलला, दर वेळी थोडं जास्त. एकदा मी विचारलं, भीती वाटली होती का. "खाली असताना नाही," तो म्हणाला. "जेवायला बसल्यावर वाटली." मग जायची तारीख आली आणि आम्ही दोघी त्याला बंदरावर सोडून आलो.