तारेचा दुसरा तुकडा

"वसंता, तुकडा एकच हाय. दुसरा कुठाय?"

शुक्रवारी दुपारी शांतारामचा फोन आला तेव्हा मी गॅरेजात डबा उघडून बसलो होतो. समोर पोलादपूरच्या संकेतची बाईक पुसून तयार. चार वाजता तो ती न्यायला येणार आणि रविवारी पुण्याजवळ रेसला उतरणार.

"एकच पुरे झाला रे. माझा आकडा नव्वद. तुझा किती?"

"माझा पन नव्वद. पन एका बाजूचा नव्वद घेऊन काय करू मी? दोन लावायचे, इसरलास?"

मी डबा तसाच झाकला.

शांताराम पोलादपूरच्या वरच्या वाडीतला. महाडहून नाते गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आम्ही दोघांनी बावीस वर्षं हे गॅरेज चालवलं. रेसच्या बाईकची इंजिनं बांधायची, हे आमचं काम. मग त्याचे गुडघे गेले आणि मुलाने त्याला नालासोपाऱ्याला नेलं. माझी बायको त्याच्या आदल्याच वर्षी गेली होती. तेव्हापासून गॅरेजात मी आणि रेडिओ. खोटं कशाला बोलू, काही दिवस तर संध्याकाळी चहावाल्याला हाक मारली की कळतं, आज तोंड पहिल्यांदाच उघडलं.

आता तो तुकडा काय, ते सांगतो. पिस्टन सिलिंडरमध्ये वर-खाली पळतो. तो अगदी वर गेला की डोक्यावर इंजिनचं झाकण, म्हणजे हेड. दोघांमध्ये जी फट उरते तिला क्लिअरन्स म्हणतात. फट कमी तेवढी ताकद जास्त, म्हणून रेसवाले "काका, अजून कमी करा ना" म्हणून मागे लागतात. पण इंजिन जोरात फिरलं की आतलं सगळं थोडं ताणलं जातं. फट फारच कमी असेल तर पिस्टन हेडला आपटतो. इंजिन जाम, मागचं चाक जाम आणि पोरगा रस्त्यावर. संकेत तर त्याच संध्याकाळी बाईक आंबेनळी घाटात पळवून बघणार होता.

ही फट डोळ्यांनी दिसत नाही. म्हणून सोल्डरची मऊ तार घ्यायची, पिस्टनच्या दोन्ही बाजूंना ग्रीसने एकेक तुकडा चिकटवायचा, हेड आवळायचं आणि पान्याने इंजिन हाताने फिरवायचं. तार चेपते. चेपलेली जाडी तीच तुमची फट. मिलिमीटरचे शंभर भाग धरले तर मला नव्वद हवे होते.

तार लावायची शांतारामने, पाना फिरवायचा मी. मग तेच तुकडे दोघांनी वेगवेगळे मोजायचे आणि फळ्यावर आपापल्या बाजूला आकडा लिहायचा. तोवर बोलायचं नाही. आकडे जुळले तरच इंजिन पक्कं बांधून बंद करायचं.

तो गेल्यावर फळ्याची त्याची बाजू कोरी राहिली. मला ते बघवेना. त्याचा चुलत भाऊ दर महिन्याला मुंबईच्या गाडीतून त्याला तांदूळ पाठवतो. त्या गोणीत मी चेपलेल्या तारांचं पाकीट टाकू लागलो. त्याच्याकडे त्याचा मायक्रोमीटर आहे. तो मोजतो आणि फोन करतो. चूक सापडावी म्हणून काही नव्हे, फोन यावा म्हणून.

यावेळी मात्र मी आळस केला. दोन तारा चिकटवत बसण्यापेक्षा प्लगच्या भोकातून एकच तार आत धरली, दुसऱ्या हाताने पाना फिरवला. दोनदा मोजलं, दोन्ही वेळा नव्वद. आणि फोनची वाट न बघताच इंजिन बंद केलं. पण पिस्टन एका पिनेवर बसलेला असतो. एकाच बाजूला तार दाबली की तो तिकडे झुकतो आणि फट आहे त्यापेक्षा मोठी वाटते. हे मीच पूर्वी हाताखालच्या पोरांना शिकवलेलं. घ्या!

हेड उघडलं. दोन तारा चिकटवल्या, आवळलं, फिरवलं. अडुसष्ट. दोन्हीकडे अडुसष्ट. मी स्टुलावर बसून राहिलो. शेजारी "काय झालं" विचारायला कुणी नव्हतं.

चारला संकेत आला. टाकी खाली, हेड बाकावर.

"काका, हे काय? सकाळी तर रेडी म्हणालात!"

"सकाळी चुकलो. फट कमी आहे. सिलिंडर वर उचलायला खाली जाड गॅस्केट लागेल. पुण्याहून येईल, सोमवारी."

"सोमवारी? रेस रविवारी हाय! कितीचा फरक?"

"बावीस. मिलिमीटरचे शंभर भाग केले तर."

"केसाएवढ्यासाठी माझी रेस घालवताय?"

"केस जाऊ दे रे, मान सांभाळ. चूक माझीच आहे. पण ही बाईक आज मी देणार नाय."

तो हेल्मेट उचलून तरातरा निघून गेला. जाताना म्हणाला, "म्हाताऱ्याला दिसत नाय आता." मला लागलं ते. अर्धं खरं होतं म्हणून जास्त.

सोमवारी गॅस्केट आलं. या खेपेला दोन तुकडे मुद्दाम मुंबईच्या गाडीवाल्याच्या हातात दिले. बुधवारी फोन आला. "ब्यान्नव. दोनी बाजू." माझेही तेवढेच. संकेत बाईक घेऊन गेला, पुढच्या रेसमध्ये चौथा आला. पोलादपुरात तो सांगतो, काका फार वेळ लावतात. लावतोच. एकाच माणसाने दोनदा मोजलं तरी ते एकच माप असतं, एवढं मी त्यातून शिकलो.

पावसाळ्यात रेस नसतात. जुलैभर गॅरेजात एकही इंजिन आलं नाही. गोणी निघायचा दिवस आला तसा मी भंगारातल्या एका इंजिनात दोन तारा चेपल्या आणि पाकीट टाकलं.

तीन दिवसांनी शांतारामचा फोन. "एकशे चार, एकशे तीन. गाडी कुनाची रं?"

"आहे एकाची."

शांतारामच्या मागे नातवंडांचा टीव्ही चालू होता.

"घाई नाय ना त्याला?"

"नाय."

"मग आनखी दोन तुकडे पाठव," शांताराम म्हणाला. "एकाचा फरक पडतोय. परत मोजाया पायजे."