उगवतीकडे पाय

घरात आम्ही दोघंच, बा आणि मी. गोंदियाजवळच्या गोरेगावकडे आमच्या त्या गावात ख्रिस्ती घरही तेवढं एकच. देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. बा धान लावायचा आणि प्रभूच्या येण्याची वाट बघायचा. दर शनिवारी धोतर धुवायचा, आठवड्यात ज्याच्याशी कुरबुर झाली असेल त्याच्या दारात जाऊन मिटवून यायचा. उद्या प्रभू आला तर काही बाकी नको. मला भारी राग यायचा. चूक समोरच्याची, आणि हात जोडणार हा!

त्याचं मागणं एकच होतं. मेल्यावर पाय उगवतीकडे करून पुरायचं. प्रभू तिकडून येणार, तेव्हा उठून बसलं की तोंड थेट त्याच्याकडे. ऐकून ऐकून मी कंटाळायची.

तो गेला तेव्हा मी पाद्रींना आणायला गोंदियाला धावले. ते दौऱ्यावर होते. दुसऱ्या दिवशी दुपारी एकटीच परतले, तोवर आमच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधालाच, त्याला पुरून माती लोटूनही झाली होती. उन्हाळ्यात प्रेत किती ठेवणार? शेजारच्या काकांनी चार माणसं घेऊन ती दगडासारखी जमीन खणली होती. त्यांच्यात जाळतात, पुरायची रीत त्यांना कुठून ठाऊक असणार. काकांचे तळहात सोलून निघाले होते.

"पोरी, तुया बाले उगवतीची लय ओढ होती," ते म्हणाले. "म्हणून डोस्का उगवतीलेच ठेवला. बराबर केला ना?"

निजताना उशी पूर्वेला असावी, तेच चांगलं, एवढंच त्यांना माहीत. मी नाही म्हटलं असतं तर बिचाऱ्यांनी पुन्हा उकरलं असतं. त्या हातांकडे बघून मी म्हणाले,

"बराबर केला, काका."

घरी येऊन ढसाढसा रडले. जन्मभर तयारी केली त्या माणसाने, आणि ऐन वेळी तोंड मावळतीला, प्रभूकडे पाठ करून उठणार! गावात हे सांगू कोणाला? काकांना लागलं असतं, आणि बाकीच्यांना कळलंच नसतं. गोंदियाला गेले की तिथले चर्चमधले लोक म्हणायचे, देव सांभाळून घेतो. घेत असेल. माझं मन मानत नाही.

आता काकाही राहिले नाहीत. म्हणून मला पुरतील त्यांच्यासाठी हे लिहून ठेवते आहे. बाच्या पायांपलीकडे थोडी जागा सोडून मला ठेवा, माझे पाय त्याच्या पायांकडे करून. त्या दिवशी आम्ही उठून बसू तेव्हा त्याला समोर मी दिसेन, आणि मला त्याच्या पाठीमागून येणारा प्रभू दिसेल. मी म्हणेन, "बा, मागं वळ."