कुंदाचा पट्टा

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. देवापुढे हात जोडून बसते, आणि ह्या गोष्टीपाशी मन आलं की पटकन दुसरं काहीतरी मागायला लागते. पाऊस नीट पडू दे, पोराचं कामाचं जमू दे, असलं काही. तुम्ही माझे कोणी लागत नाही, तुमच्यासमोर मला उद्या भाकरी थापायची नाही. म्हणून बहुतेक तुम्हांला सांगता येतंय.

शहापूरकडच्या शेणव्याच्या पुढे, आत डोंगराकडे आमचं गाव. भातशेती आमची, वर थोडी वरकस जमीन, तिथे नाचणी. नवरा आणि दीर दोघंही आसनगावला कारखान्यात जायचे, त्यामुळे शेत सगळं बायकांच्या अंगावर. मी थोरली सून. दहावीपर्यंत शिकलेली—आणि त्याचा मला तोरा होता, खोटं कशाला बोलू? कामालाही मी वाघ होते. माझ्या हातची रोपं ओळखू यायची, इतकी सरळ ओळ. पण त्या घरात सून राबते ह्याचं कौतुक कोण करतं? चूल पेटते तशी सून राबते, असंच सगळ्यांना वाटायचं.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि कुंदा आली. मुरबाडकडची, बारीक अंगाची, हसरी. मला वाटलं, चला, जोडीला दोन हात आले. पण कुंदा दोन हंडे आणले की उंबऱ्यावर बसायची. लाकडाची मोळी आणताना वाटेत तीनदा टेकायची. विचारलं तर म्हणायची, "वयनी, धाप लागतं गो मला." सासूबाई म्हणायच्या, खायला पुढं आणि कामाला मागं. आणि "सोंग करते" हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा कोणी काढला? मीच.

दोन हजार साल उलटलं त्या सुमाराला मुंबईच्या एक मॅडम गावात आल्या. शेतात राबणाऱ्या बायकांच्या काळजावर किती ताण पडतो ते त्यांना मोजायचं होतं. छातीखाली बांधायला एक पट्टा, मनगटाला घड्याळ. पट्टा ठोके पकडायचा आणि घड्याळात आकडा दिसायचा. कमरेला एक छोटी डबी, ती अंग किती हललं ते टिपायची. पट्टा पाण्यात भिजवून बांधला तरच चालायचा. आम्हांला त्याचं हसू आलं, आवणीच्या दिवसांत—तुम्ही लावणी म्हणता ती—आम्ही सुक्या असतो कधी? सासूबाई म्हणाल्या, "आतापरयंत भात मोजीत होते, आता काळीज मोजाया लागले."

आमच्या घरातून आम्हां दोघी जावांना निवडलं. मला आकडे वाचता येत होते, म्हणून मॅडमनी माझ्यावरच सोपवलं. सकाळी दोघींचे पट्टे बांधायचे, संध्याकाळी सोडून जिच्या तिच्या नावाच्या पिशवीत घालायचे. त्या शाळेत थांबणार होत्या, कारण त्या बांधावर असल्या की बायका लाजून वेगळंच वागतात असं त्यांचं म्हणणं. समजावताना त्या म्हणाल्या होत्या, "जेवढं अंग राबेल तेवढा आकडा वर जाईल." मी ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. पहिल्यांदाच कोणीतरी माझं काम मोजणार होतं. सासूच्या डोळ्यांनी नाही, यंत्राने. मी किती खूश होते ते तुम्हांला कसं सांगू?

त्या दिवशी मी मरमर राबले. रोपांच्या मुठी डोक्यावर घेऊन खालच्या खाचरापासून वरपर्यंत मीच वाहिल्या. कुंदा ओळीत मागे पडत होती, मधेच कंबर धरून उभी राहत होती. दुपारी बांधावर भाकरी खायला बसलो. माझं जेवण होईतो माझा आकडा चांगला खाली उतरला होता. सहज म्हणून मी कुंदाचा हात ओढला, बांगड्या वर सारल्या आणि तिच्या घड्याळात बघितलं.

तिचा आकडा माझ्यापेक्षा कितीतरी वर होता. मी वाहत होते तेव्हाच्या माझ्या आकड्याच्याही वर. आणि ती बांधाला टेकून बसलेली होती, भाकरीचा तुकडा तसाच हातात.

एखाद्या शहाण्या बाईला काय वाटलं असतं? मला राग आला. दहावी पास मी—आणि मला एवढंच कळलं की यंत्राने माझं श्रेय उचलून हिला दिलं. मरावं मी आणि नाव व्हावं हिचं? ती विचारत होती, "काय झालं वयनी, बिघडलं काय?" मी म्हटलं, "काय नाय, जेव."

संध्याकाळी पट्टे सोडले. कुंदा हातपाय धुवायला गेली होती. तिचा पट्टा आणि घड्याळ मी माझ्या नावाच्या पिशवीत घातलं, माझं तिच्या. कमरेच्या डब्या मात्र बदलल्या नाहीत. त्या डबीत माझी मेहनत होती, ती मी कशाला देऊ? एवढा हिशोबीपणा मी त्या दोन मिनिटांत केला. मग पिशव्या शाळेत नेऊन दिल्या, आणि मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

इथवर मूर्खपणा होता. इथेच थांबले असते तर आज हसत सांगितलं असतं.

काही आठवड्यांनी मॅडम पुन्हा आल्या. पडवीत बसल्या, सासूबाईंना जवळ बोलावलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या थोरल्या सुनेला मोठ्या हॉस्पिटलात दाखवावं लागेल. बसल्या जागीसुद्धा तिचे ठोके उतरत नाहीत. हे कामामुळे नाही. हृदयात काही दोष असेल. तोवर जड काम देऊ नका." सासूबाईंनी विचारलं, "आनि धाकटी?" मॅडम म्हणाल्या, तिचं हृदय उत्तम आहे, हालचाल मात्र कमी दिसते. सासूबाईंनी एवढंच उचललं. "बगा! मी सांगतं तर खोटं वाटतं. आता मशीननी पन सांगितलं."

कुंदा तेव्हा दारात होती, चहाचे कप घेऊन. तिने मान खाली घातली.

मला त्या क्षणी कळलं. कळलं नव्हतं असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगून पाहिलं, पण ते खोटं आहे. तो आकडा कुणाचा होता, ती धाप खरी होती, सगळं एकदम कळलं. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं—मॅडम, माझ्याकडून अदलाबदल झाली. चुकून झाली असं म्हटलं असतं तरी चाललं असतं! खोटं बोलूनही तिला वाचवता आलं असतं. मी पदराशी चाळा करत उभी राहिले.

मॅडमनी तारीख ठरवून दिली, मुंबईत स्वतः सोबत येते म्हणाल्या. मी गेले नाही. नंतर शाळेतल्या बाईंकडून दोनदा निरोप आला. मी कळवलं की आता बरं वाटतंय. सासूबाईंनाही मुंबईची खेप चुकल्याचं वाईट वाटलं नाही. गेले असते तर माझं काळीज ठणठणीत निघालं असतं, मग पट्टे पुन्हा बांधले असते आणि माझं बिंग फुटलं असतं. ही भीती होतीच. पण दुसरंही होतं, ते सांगायला जीभ जड होते. मला ते आवडत होतं. लग्न होऊन आल्यापासून त्या घरात "तू बस" असं मला कुणी म्हटलं नव्हतं. आता सासूबाई म्हणत होत्या, नवरा म्हणत होता. माझ्या हातात आयता चहा येत होता.

आणि माझ्या वाटचं काम? ते कुंदाकडे गेलं. यंत्राने तिला धडधाकट ठरवलं होतं ना. विहीर खाली होती, चढ मोठा. दोन्ही घागरी घेऊन ती वर यायची तेव्हा तिचे ओठ जांभळं खाल्ल्यासारखे दिसायचे. मी एखाद्या वेळी कळशी घ्यायला पुढे झाले की म्हणायची, "ऱ्हाऊ द्या वयनी. तुमी नका. मी हाय ना." ह्यात टोमणा नव्हता हो. असता तर मला किती सोपं गेलं असतं! तिला खरंच माझी काळजी होती. धाप लागली म्हणून बसावं तर आता तिलाच लाज वाटायची. मोठीला आजार असून ती तक्रार करत नाही, आणि आपण धडधाकट असून टेकतो, असं तिने एकदा मला बोलून दाखवलं. तेव्हा मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "सवय होईल."

वर्षभर रोज संधी होती. मॅडमचं जाऊ द्या, तिच्या नवऱ्याला म्हणता आलं असतं की हिला एकदा दाखवून आण. तेवढंही मी केलं नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात तसं झालं होतं. कुणी नुसतं डॉक्टरचं नाव काढलं तरी मी विषय बदलायची.

पुढच्या आवणीत कुंदा चिखलात बसली ती उठलीच नाही. जीपमधून शहापूरला नेली, तिथून ठाण्याला. डॉक्टरांनी विचारलं, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का. आला होता. त्यातच हृदयाची झडप खराब झाली होती. आधी आणली असती तर औषधं होती, ऑपरेशन होतं, असं ते म्हणाले. इतकी वर्षं कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही? दीर हात जोडून म्हणाला, "सायेब, मशीन लावली होती गावात. तिच्यात हिला काय नाय निंगालं. वयनीला निंगालं." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली. होय म्हणून.

कुंदा तिथून घरी आली नाही. सासूबाई शेवटपर्यंत त्या मशीनला शिव्या घालत होत्या. दीर अजूनही म्हणतो, मशीन चुकलं. मशीन चुकलं नव्हतं. कुंदा आळशी नव्हती आणि सोंगही करत नव्हती. ती आजारी होती. त्या घरात हे ठाऊक असलेली मी एकटीच होते, आणि मी माझी भांडी तिच्याकडून घासून घेतली.

ती असतानाचा शेवटचा दिवस सांगते, मग माझ्याकडे सांगायला काही उरत नाही. आडवं झालं की तिचा श्वास कोंडायचा, म्हणून पाठीला उशा लावून तिला बसवून ठेवलं होतं, नाकात नळी. खाटेशी एकच स्टूल होतं, त्यावर दीर बसलेला. मी पायाशी उभी. तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या दंडाला बोटं लावली. "उठा जरा," ती म्हणाली. एकेक शब्द सुटा येत होता. "वयनींना बसू द्या. कवाच्या उब्या हायत. त्यांचं काळीज बरं नाय."

दीर उठला. मी बसले.