भरधाव गाडीचे कैवारी

कारखान्यातले माझे चार लूम, म्हणजे कापड विणायचे यंत्रमाग, आजही माझ्याच हाताखाली चालतात, ते आमच्या घरमालक काकांमुळे. काय घडलं ते पुढे येईलच, पण आधी हा माणूस सांगायला हवा. कारण भिवंडीत इतका सावकाश माणूस दुसरा झाला नाही, आणि वेगावर इतका जीव टाकणाराही दुसरा झाला नाही. सरकारी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले हे गृहस्थ घरातून बाहेर पडायचे म्हणजे एक कार्यच असायचं. टोपी झटकायची, ती पुन्हा एकदा झटकायची, चष्मा पुसायचा, काकूंना "येतो गं" म्हणायचं, उंबऱ्यात उभं राहून काय विसरलं ते आठवायचं, काहीच विसरलं नाही हे लक्षात आल्यावर संशय यायचा आणि परत आत जायचं. तेवढ्यात चहाची वेळ व्हायची. गुडघ्यांसाठी ते गणेशपुरीला गरम पाण्याच्या कुंडावर जायचे. एकदा मी सोबत गेलो. आलेली एसटी त्यांनी नीट न्याहाळली आणि मला म्हणाले, "ही जरा घाईत दिसते रे. मागची घेऊ." मागची आली, तिच्या ड्रायव्हरचा चेहरा त्यांना पसंत पडला नाही. कुंडावर पोचलो तेव्हा काकांना आंघोळीपेक्षा परतीच्या गाडीची काळजी जास्त होती, म्हणून पाय बुडवून आलो.

भाचीच्या लग्नाला खारबावहून गाडी धरायची होती, तेव्हाही असंच झालं. ती गाडी गेली, पुढची मिळाली आणि काका-काकू पोचले तेव्हा मांडववाला बांबू सोडत होता. घरी आल्यावर काका सगळ्यांना सांगत होते, "बघा, वेगवान गाडी असती तर अक्षता चुकल्या असत्या का?" काकू आतून म्हणाल्या, "गाडी वेळेवरच होती. तुम्ही मोजे शोधत होतात."

अशा माणसाच्या हाती एके वर्षी पेपरातली बातमी पडली. परदेशात गोळीसारखी पळते तशी गाडी आपल्याकडेही दोन मोठ्या शहरांमध्ये काढता येईल का, असा विचार कुठेतरी चाललाय, एवढीच ती बातमी. काकांनी परस्पर मुंबई-अहमदाबाद हा मार्ग ठरवून टाकला, आपल्या तालुक्यातून रूळही टाकले आणि त्या दिवसापासून ओट्यावर गाडीचं वकीलपत्र घेऊन बसले. समोरचा पक्ष म्हणजे दिघाशीचा दूधवाला. तो रतीब घालून परतताना सायकल भिंतीला लावायचा आणि एका पायावर भांडायचा, कारण दुसरा पाय पायडलवर असायचा, निघाल्यासारखा. तो तासभर निघायचा नाही.

"सकाळी इथून निघायचं, अहमदाबादला जेवायचं, संध्याकाळी परत ओट्यावर!" काका हात उडवून म्हणायचे.

"अमदाबादला तुमचं कोन हाय, काका?"

"कोणी नाही. प्रश्न तो नाही. देशाचा प्रश्न आहे."

"माझा शेताचा हाय. ती गाडी भातातून जानार, आन् थांबनार न्हाय. म्हशी काय तिला हात दाखवतील?"

"अरे, प्रगतीला जागा लागते."

"मंग तुमच्या ओट्यावरून न्या ना! ओटा रिकामाच हाय."

यावर काका खवळायचे, काकू तांब्या-भांडं आणून ठेवायच्या आणि मला म्हणायच्या, "तू सांग रे यांना काहीतरी, तू शिकलेला आहेस." मी सातवी अर्धी टाकून परभणीकडून आलेला. त्या घरात मला कोणी शिकलेला म्हटलं की मी तांब्यातलं पाणी भांड्यात ओतत बसायचो. खोली मिळाली होती, तापात काकूंनी पेज पाजली होती. ज्यांच्या घरात आपण टिकून आहोत त्यांच्या वादात बोलू नये, असं मला वाटायचं. आणि खरं सांगायचं तर गाडी वेगात असो की हळू, मला कुठे जाता येत होतं?

लूमवरच्या माणसाची रीत अशी, की गावी जायचं तर आपल्या जागी बदली उभा करून जायचं. बदली म्हणजे आपल्यासारखाच हात बसलेला दुसरा कारागीर. बदली न देता गेलात तर परत येईपर्यंत तुमच्या लूमवर दुसरा कोणी उभा असतो, आणि त्यात कोणाची चूक नसते. या भीतीने मी कित्येक सण कारखान्यातच काढले. आई निरोप पाठवायची, ये म्हणून. मी कळवायचो, बदली मिळाला की येतो. तिला बदली म्हणजे काय ते कधी कळलं नाही. तिला वाटायचं, मी साहेब झालोय आणि माझी बदली होणार आहे.

मग लग्नसराईच्या दिवसांत, अर्धी भिवंडी आपापल्या मुलखाला गेलेली असताना, भावाचा निरोप आला: आई सिरीयस आहे, निघ. मी सकाळपासून बदली शोधत फिरलो. कारखान्यात, चहाच्या टपरीवर, खाणावळीत. सगळे म्हणाले, भाई, आदमी ही नहीं है. दुपारी ओट्यावर येऊन बसलो आणि पुढे काय करायचं ते सुचेना. जावं तर लूम जातात, राहावं तर आई जाते.

काका आतून आले. काय झालं ते ऐकलं. आणि मग जे झालं ते भिवंडीने त्याआधी पाहिलं नव्हतं. काकांनी टोपी झटकली नाही. चष्मा पुसला नाही. एका पायात चप्पल आणि एका पायात काकूंची सपाता, असे ते रस्त्यावर उतरले आणि ओरडले, "तू स्टेशन गाठ! बदली मी आहे!"

मी म्हणालो, "काका, तुम्हाला लूम कुठे येतो?"

"कचेरीत मला काय येत होतं? जा तू!"

मी गेलो. तिकडे काय झालं ते मला मागाहून कळलं, आणि कारखान्यातले लोक अजून ते करून दाखवतात. काकांच्या आयुष्यभराच्या नोकरीत काम म्हणजे हजेरी. मस्टरवर सही आणि खुर्चीवर माणूस, की दिवस भरला. त्यांनी बदलीचा अर्थही तोच घेतला. माझ्या चार लूमसमोर त्यांनी स्टूल मांडलं, मांडीवर छत्री आडवी ठेवली आणि ताठ बसले. चारही लूम बंद. आजूबाजूला एवढा खडखडाट, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि मध्ये हे शांत बेट.

कारखान्याचे शेठ धावत आले. "काका, ये क्या है?"

"मैं बदली हूँ. हाजिर हूँ. हजेरी लगाओ."

"अरे, लेकिन बैठने से कपड़ा बनता है क्या?"

"कपडे का बाद में देखेंगे. आदमी हाजिर है या नहीं, वो बोलो."

शेठने कपाळावर हात मारला. वयाचा मान, त्यात गावातलं जुनं घर, हात धरून उठवणार कसं? मध्येच काकांनी एका लूमचा दांडा ओढून पाहिला. आडवं सूत नेणारा टोकदार लाकडी धोटा सुटला आणि पलीकडच्या माणसाच्या कानाजवळून गेला. तेव्हा सगळ्यांनी मिळून त्यांना विनंती केली, की काका, तुम्ही नुसते बसा. ते बसले. शिफ्ट संपेपर्यंत उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन पुन्हा हजर. शेवटी शेठनेच आपल्या नात्यातला एक कारागीर दुसरीकडून काढून माझ्या लूमवर उभा केला आणि हात जोडले, "इसका लूम इसी का रहेगा, काका. आप घर जाओ."

मी त्या पहिल्या रात्री मनमाडला अरुंद रुळांच्या छोट्या लाइनीच्या गाडीची वाट पाहत होतो. मग ती गाडी. मग तालुक्याचा स्टँड, तिथे आमच्याकडची एसटी बिघडलेली. मग पायी. वेशीवर भाऊ भेटला. त्याचं डोकं भादरलेलं होतं.

चौदावा झाल्यावर परत आलो. ओट्यावर दोघंही होते, दूधवाल्याची सायकल नेहमीसारखी भिंतीला. काकांनी विचारलं, "वेळेवर पोचलास ना रे?" मी नाही म्हणून मान हलवली. काकू आतून पाणी घेऊन आल्या आणि उभ्याच राहिल्या.

थोड्या वेळाने दूधवाला पायडलवरचा पाय खाली घेऊन म्हणाला, "काका, ती तुमची गाडी असू दे. माझ्या भातातून गेली तरी जाऊ दे. पोराला आई भेटली असती."

काकांनी आयुष्यात पहिल्यांदा गाडीची बाजू घेतली नाही. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "नाही रे. ती गाडी अहमदाबादला जाते. याची आई तिकडे नव्हती."

त्यानंतर त्या ओट्यावर गाडीचा विषय निघाला नाही. पेपरात पुढेही कधीमधी बातमी यायची. काका ते पान उलटून टाकायचे. मला त्याचं फार वाईट वाटायचं. भांडले असते तर बरं झालं असतं. आता धंद्यात मंदी आहे, कितीतरी कारखान्यांतले लूम भंगारात गेले. माझे अजून आहेत, किती दिवस ते माहीत नाही. गावाकडचा रस्ता होता तसाच आहे. रोज सकाळी वळणावरूनच मी कारखान्याचं दार उघडं आहे का ते बघतो.

काकांना आता कमी दिसतं. परवा त्यांच्याजवळ बसलो होतो, तर एकदम म्हणाले, "तुझं गाव कसं आहे रे? तू कधी सांगितलंच नाहीस." मी सांगायला लागलो. नदी, पलीकडे ज्वारी, आईने लावलेलं कडुलिंबाचं झाड, आता त्याखाली खाट मावते. ते डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं झोपले, म्हणून थांबलो, तर म्हणाले, "हं, मग?"

काकांना मी एकदा तिकडे नेणार आहे. त्या झाडाखाली खाट टाकून बसवणार आहे, भावजयीच्या हातची गरम भाकरी खाऊ घालणार आहे. कसं नेईन ते अजून ठरलेलं नाही. पण नेणार, हे मी इथे लिहून ठेवतो.