कुरणातली शिरगणती

आमच्या खात्यात सगळ्याची नोंद ठेवायची पद्धत होती. गवताचे भारे, बाभळीची खोडं, कोंडवाड्यात आलेली जनावरं, सगळं रजिस्टरात. नोंद नव्हती ती फक्त किश्शांची, आणि नेमके तेच सगळ्यात जास्त साठले. अजूनही चार जुने दोस्त जमले की कुणीतरी म्हणतं, "ते हरणाच्या समन्सचं सांग की," आणि मग एकातून दुसरा निघत जातो. आमची मंडळी तेवढ्यात उठून आत जाते, कारण तिला सगळे पाठ आहेत.

मी मूळचा आष्ट्याचा. लढाईच्या दिवसांत मला पूर्वेकडच्या एका लहानशा संस्थानात जंगल खात्यातला कारकून म्हणून नोकरी लागली. जंगल म्हणजे काय, तर मैलोगणती पसरलेलं गवती कुरण, त्यात चार बाभळी आणि एक तळं. पण त्या कुरणात काळवीट होते, माळढोक होते, लांडगे होते, आणि ते राखायचे हेच आमचं काम. खात्यात माणसं तीन. आमचे साहेब, त्यांना सगळे रावसाहेब म्हणत, गणू रखवालदार, आणि मी. शिवाय रावसाहेबांचं घोडं होतं, पण त्याची नोकरी आम्हा तिघांपेक्षा जुनी होती.

कुरणावर डोळा सगळ्यांचाच. शेजारच्या गावच्या पाटलांना तिथं नांगर घालायचा होता, लष्कराला चांदमारी, म्हणजे गोळीबाराचा सराव, करायची होती. रावसाहेब एरवी हसतमुख माणूस, पण हा विषय निघाला की त्यांचा आवाज चढायचा. "एकदा नांगर फिरला की हे कुरण परत मिळायचं नाही," असं ते म्हणायचे, आणि मग घोडं काढून कुरणाला एक फेरी मारून यायचे.

*

सुरुवातीला आम्ही कुरणाच्या चारी बाजूंना पाट्या लावल्या. सागाच्या फळ्या, वर पांढऱ्या अक्षरात, "येथे शिकार करण्यास व गुरे चारण्यास सक्त मनाई आहे." महिन्याभरात पाटलांच्या बाजूची पाटी गायब झाली. गणूनं आठ दिवस शोध घेतला आणि शेवटी ती पाटलांच्याच ओसरीवर सापडली. दोन विटांवर ठेवून तिचा बाक केला होता आणि त्यावर पाटलांची नातवंडं बसली होती.

रावसाहेब स्वतः गेले. सरकारी मालमत्ता, कायदा, शिक्षा, सगळं सांगून झालं. पाटलांनी शांतपणे ऐकून घेतलं, रावसाहेबांना त्याच पाटीवर बसवलं, चहा दिला आणि म्हणाले, "आवं रावसायब, तिथं माळावर कुनाला वाचाय येतंय? हितं निदान माजी नातवंडं तरी रोज वाचत्यात."

पाटी तिथंच राहिली. पुढं त्या घरातली सगळी पोरं 'सक्त मनाई' हे शब्द जोडाक्षरासकट पहिलीच्या आधी शिकली.

*

याच पाटलांनी एकदा अर्ज केला की काळवीट आमचा हरभरा खातात, तरी बंदूक चालवायची परवानगी मिळावी. परवानगी द्यायची नव्हती आणि अर्ज फेटाळायलाही कारण हवं होतं. आमच्याकडे छापील फॉर्म एकच, तो लाकूडचोरांसाठी. रावसाहेबांनी तोच मला भरायला सांगितला. आरोपीचं नाव, काळवीट. बापाचं नाव, माहीत नाही. राहणार, कुरण. धंदा, चरणे. आणि खाली आपल्या सहीनं लिहिलं की आरोपीची बाजू ऐकल्याशिवाय निर्णय देता येत नाही, समन्स काढावे.

ही रावसाहेबांची थट्टा होती. पण समन्स गणूच्या हातात पडलं, आणि गणूला थट्टेचं काही कळत नसे. तो सकाळी डोक्याला पटका बांधून कुरणात गेला आणि दुपारी घामाघूम होऊन परत आला. समन्सच्या पाठीवर त्यानं शेरा लिहून आणला होता, "कागद दाखवताच आरोपी पळाला." खाली दोन पंचांचे अंगठे.

पाटलांनी ते वाचलं आणि इतके हसले की अर्ज मागंच घेतला. पुढं पेरणीच्या वेळी त्यांनी कुरणाच्या कडेला हरभऱ्याऐवजी करडई पेरली. तिच्या काट्यांना हरणं तोंड लावत नाहीत.

*

गणूचा आणखी एक. कुरणात जे जनावर चरताना दिसेल ते कोंडवाड्यात, मग ते कुणाचंही असो, असा रावसाहेबांचा लेखी हुकूम होता. एका सकाळी रावसाहेबांचंच घोडं दावं तोडून कुरणात गेलं. गणूनं ते कोंडवाड्यात घातलं आणि कुलूप लावून किल्ली कंबरेला बांधली.

रावसाहेबांना त्या दिवशी दरबारात जायचं होतं. ते कोंडवाड्यापर्यंत चालत आले. गणू म्हणाला, अर्ज केल्याशिवाय सोडता येत नाही. मग रावसाहेबांनी तिथंच उभ्या उभ्या अर्ज लिहिला. अर्ज कुणाकडे करायचा, तर जंगल अधिकाऱ्याकडे, म्हणजे स्वतःकडेच. मी तो आवक रजिस्टरात घेतला, नंबर घातला आणि त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि शेरा मारला, "प्रथम गुन्हा. अर्जदारास समज देऊन जनावर सोडावे."

आता समज कुणी द्यायची? रावसाहेबांनी गणूकडे बघितलं. गणूनं पटका सारखा केला आणि म्हणाला, "पुन्ना असं हुता कामा न्हाई."

"नाही होणार," रावसाहेब म्हणाले, आणि घोड्यावर बसून दरबाराला गेले.

*

लढाई ऐन जोरात असताना लष्कराचं पत्र आलं, की कुरणाचा पूर्वभाग चांदमारीसाठी हवा. दरबार लष्कराला नाही म्हणू शकत नव्हता. रावसाहेबांनी तीन दिवस जेवण टाकलं म्हणा ना.

जागा बघायला एक सुभेदार आले. कडेगावकडचे, फ्रंटवरून रजेवर आलेले, गालावर जखमेचा ताजा व्रण. आम्ही त्यांच्यासोबत माळावरून चालत होतो आणि गणूनं एकदम हात आडवा केला. चार पावलांवर गवतात माळढोकाची मादी बसली होती, पोटाखाली एकच अंडं. आम्ही थांबलो. ती हलेना. सुभेदार आणखी दोन पावलं पुढं गेले, तिनं मान खाली घातली, पण उठली नाही. त्यांनी हातातली छडी जमिनीवर आपटली, तरी ती तशीच.

सुभेदार बराच वेळ तिच्याकडे बघत उभे राहिले. मग उलटे वळले आणि चालायला लागले. रावसाहेबांनी घाबरत विचारलं, "जागेचं काय कळवणार?"

"दुसरी जागा बगू," ते म्हणाले. "हितं पैलंच एक संत्री ड्यूटीवर हाय. पोस्ट सोडंना. मी कुनाच्या हुकमानं तिला उठवू?"

चांदमारी पुढं पलीकडच्या खडकाळ माळावर झाली.

*

आता बिरूआबा. म्हातारे धनगर, कुरणाच्या कडेनं त्यांची मेंढरं चरायची. रावसाहेबांनी त्यांना कडेचा पट्टा चराईला दिला होता आणि त्या बदल्यात त्यांनी आतल्या जनावरांवर नजर ठेवायची, असा तोंडी करार होता. कुरण गेलं असतं तर पहिला देशोधडीला लागला असता तो हा माणूस.

दर वर्षी आम्हाला जनावरांची शिरगणती दरबाराला पाठवावी लागे. पहिल्या वर्षी मी बिरूआबांना विचारलं, "काळवीट किती?" त्यांनी कानाला हात लावला. त्यांच्याकडे चालतं जितं जनावर मोजत नाहीत, मोजलं की त्याला नजर लागते. आपली मेंढरंही त्यांनी जन्मात कधी मोजली नव्हती. मी म्हटलं, मग एखादं हरवलं तर कळतं कसं? ते म्हणाले, घरात माणसं जेवायला बसल्यावर तू डोकी मोजतोस का?

रावसाहेबांना हे खरं वाटेना. एका संध्याकाळी त्यांनी गणूकरवी एक मेंढी गुपचूप ऑफिसात आणून कोंडली आणि बिरूआबांना कळपापुढं उभं केलं. आबांनी कळपावरून एकदा नजर फिरवली. "एक कमी हाय. काळ्या तोंडाची," ते म्हणाले. मग जरा थांबून, "तिच्या दोगी भनी तुमच्या हाफिसाकडं त्वांड करून उब्या हायत. गणूबा, कडी काड."

रावसाहेब त्या दिवसापासून त्यांना आबा म्हणायला लागले. पण दरबाराला आकडा हवाच होता. मग तो मी घालायचो, अंदाजानं. आणि खातं जोरात चाललंय हे दिसावं म्हणून दर वर्षी त्यात थोडी भर टाकायचो. आमच्या कुरणातल्यापेक्षा आमच्या रजिस्टरातली हरणं जास्त व्यायची.

*

ते माझ्या अंगाशी आलं. स्वातंत्र्य आलं, पाठोपाठ संस्थान विलीन झालं आणि नव्या सरकारचे एक साहेब जीपमधून आले. धान्याची टंचाई होती, पडीक जमिनी लागवडीला द्यायच्या होत्या. राखण्याजोगी जनावरं असतील तरच कुरण राहणार होतं. साहेबांनी माझं रजिस्टर चाळलं, भुवया वर केल्या आणि म्हणाले, "उद्या सकाळी मला एवढी मोजून दाखवा. नाही दिसली तर जमीन गावाला." पाटील शेजारीच उभे होते. कुरण जाणार, आणि माझ्या खोट्या आकड्यांमुळे जाणार.

त्या दिवशी संध्याकाळी साहेब, तितर मिळतायत का बघतो, असं म्हणत बंदूक आणि ड्रायव्हर घेऊन तळ्याकडे गेले. एकच बार ऐकू आला. दिवेलागणीला, साहेब उतरले होते त्या बंगल्यातून मटणाचा वास सुटला. गावात त्या दिवशी बकरं पडलेलं नव्हतं.

सकाळी सगळे टेकाडावर जमलो. साहेब, पाटील, आम्ही तिघं आणि बिरूआबा. खाली तळ्याकाठी कळप. मी मोजायला लागलो, पण हरणं हलायची आणि मी चुकायचो. साहेब वैतागले आणि आबांना म्हणाले, "तुम्ही मोजा."

"मी मोजत न्हाई सायब. कमी किती त्ये सांगतो."

"बरं, तेच सांगा."

आबांनी डोळ्यांवर हात धरला. खूप वेळ बघत राहिले. "एक कमी हाय. कान फाटलेली हरनी. त्ये बगा तिचं पाडस."

आम्ही सगळ्यांनी बघितलं. एक पाडस एका हरणीपासून दुसरीकडे जात होतं आणि प्रत्येक हरणी त्याला डोक्यानं ढकलून देत होती. पाटील म्हणाले, लांडग्यानं नेली असेल. आबांनी मान हलवली.

"काल दिस बुडताना तळ्यावर व्हती, मी बगितलीया," ते म्हणाले. मग साहेबांकडे वळून अगदी साधेपणानं विचारलं, "सायब, तुमी बी तवा तिकडंच गेला व्हता न्हवं? तुमाला दिसली का?"

साहेबांनी नजर तळ्याकडे वळवली. पाटलांनी जमिनीचं काढलं, साहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. माझ्याकडून रजिस्टर मागून घेतलं, पेन मागितलं आणि उभ्यानंच शिफारशीच्या रकान्यात लिहिलं, "कुरण आहे तसे राखावे." खाली सही केली.

मी कारकून. सवय जात नाही. मी हळूच दाखवलं, "साहेब, एकूण संख्येचा रकाना मोकळा राहिलाय."

त्यांनी पुन्हा एकदा तळ्याकडे बघितलं. पाडस आता एकटंच उभं होतं. साहेबांनी त्या रकान्यात स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "एक कमी."