आईचं पहिलं सुगड

सुट्टी संपायला दोन दिवस उरले होते, तेव्हा आईला घेऊन एका कलाग्रामात जाऊन आले. खालापूरच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी... चित्रं, बांबूकाम, मातीकाम आणि महागडी कॉफी, सगळं एका आवारात. मी नेदरलँड्सला राहते. घरी आले की फिरायला कुठे जायचं ते मी ठरवते, पण ही सहल आईने ठरवली होती.

झालं असं की तिकडे मी हौसेने मातीकामाचा क्लास लावला. व्हिडिओ कॉलवर आईला माझं पहिलं वाडगं दाखवलं, तर तिने त्याच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. "तू चाकावर बसलीस?" एवढंच विचारलं.

आई नेरळजवळच्या एका कुंभाराच्या घरातली. माती तुडवणं, ओली मडकी लाकडी थापटणीने थापटणं, संक्रांतीची सुगडं टोपलीत भरून बाजारात नेणं... सगळं केलं तिने. फक्त चाकाला हात लावला नाही, कारण बाईने लावायचा नाही अशी रीत. लहानपणी एकदा लावला, तर आजोबांनी चाक धुवून काढलं. हे ती हसत हसत सांगते, पण दर संक्रांतीला सांगते.

"तू जायच्या आत एक सुगड चाकावर करनार हाय मी," ती म्हणाली. मामाच्या घरचं चाक मागायची सोयच नव्हती, म्हणून हे कलाग्राम.

आणि तिथे न्यायला टेंपो कुणाचा? मामाचाच! मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, घरचं चाक आता तोच चालवतो. कशाला जायचंय ते आईने त्याला सरळ सांगितलं. त्याने टेंपो काढला, पण रस्त्यातला एक खड्डा चुकवला नाही... त्यावरून काय ते समजलं.

कलाग्रामात झाडांच्या बुंध्यांना रंगीत लोकरीचे स्वेटर घातले होते. "झाडाला थंडी वाजते काय गं?" आईने विचारलं. बाकी तिने काही पाहिलं नाही, थेट मातीकामाची शेड गाठली. मामा बाहेर टेंपोपाशीच थांबला.

विजेवर फिरणारं चाक. आईने चपला काढल्या, चाकाला हात लावून तो कपाळाला लावला. शिकवणारी मुलगी बिचारी गोंधळली, मग तिनेही लावला.

पहिला गोळा चाकावर बसला, फिरायला लागला... आणि आईने त्याला थापटलं. जन्मभराची सवय! गोळा वाकडा होऊन कोलमडला. दुसऱ्याचंही तेच. मुलगी "आंटी, हात स्थिर ठेवा" म्हणत होती, आई मान डोलवत होती, आणि हात आपले थापटतच होते.

साडी चिखलाने भरली. शेजारची मंडळी कौतुकाने फोटो काढायला लागली, मला रागच आला. म्हटलं, "आई, बस आता. कॉफी घेऊया." तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढचा गोळा मळून दिला.

तोही गेला. आईचे डोळे भरले होते, पण ती चाकावरून उठली नाही.

तेवढ्यात मागून आवाज आला, "ताई, थापटू नको गं मातीला. नुसती धर."

मामा. कधी येऊन दारात उभा राहिला होता कोण जाणे.

"कशी रं?" आईने मागे न बघता विचारलं.

"कोपरं मांडीवर टेक. दाबू नको. तिची ती येल वर."

त्याने चपला काढल्या आणि आत येऊन आईसमोर उकिडवा बसला. चाकाला हात लावला नाही, फक्त सांगत राहिला. आईने कोपरं टेकली, श्वास धरला... आणि माती वर आली. जरा एका बाजूला कललेलं, जाड बुडाचं, पण सुगड! मला रडूच फुटलं.

मुलगी म्हणाली, "इथेच ठेवा, आम्ही भाजून कुरियर करतो."

आईच्या आधी मामाच म्हणाला, "कशाला? आपल्या भट्टीत लावू की."

परतताना आईने ओलं सुगड फळीवर ठेवून मांडीवर धरलं होतं. मामाने नेरळपर्यंत एकूण एक खड्डा चुकवला.

आज संक्रांत. मी इकडे परत आलेय, बाहेर गारठा आहे, आणि सकाळीच आईने पूजेचा फोटो पाठवला. पाच सुगडं, हरभरे-बोरं-ऊस भरलेली... चार मामाची सरळ, मधलं कललेलं.

लगेच फोन केला. म्हटलं, "आई, ते मधलं माझ्यासाठी जपून ठेव हं. पहिलं आहे तुझं."

"ते कशाला? वाकडं हाय ते," आई म्हणाली. "तू ये पुढच्या वर्षी. पाचही माझ्या हातची असतील."